पोर्चवर ठेवलंय, घेऊन जा

१

सकाळी कॉफीचं यंत्र लावायचं, खिडकीबाहेरच्या तापमापकाकडे बघून तोंड वाकडं करायचं आणि फोन उघडायचा. माझा नवरा ड्वेन गेल्यापासून माझा दिवस असाच सुरू होतो. पूर्वी फोनच्या जागी ड्वेन होता. तो फोनपेक्षा जास्त बोलायचा अशातला भाग नाही, पण रिकाम्या कपात न सांगता पुन्हा कॉफी ओतायचा.

मी मार्लिस एन्गेन. गावातल्या दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलाशी बसून मी आयुष्य काढलं. अजूनही निम्मं गाव मला बघून तोंड मिटूनच हसतं. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी केक कापला आणि "येत जा हं" म्हणाले. आमच्या मिनेसोटात "येत जा" याचा अर्थ "बरं मग" एवढाच असतो, तेव्हा मी गेले नाही.

मुलगी, ब्रिटा, फीनिक्सला असते. आधी ती दर रविवारी फोन करायची. मग फोनचे निरोप झाले आणि निरोपांचे फोटो. ती फोटो टाकायची, मी खाली लाल बदाम द्यायची. तिने काय खाल्लं, कुठला डोंगर चढली, पायात कुठले बूट होते, सगळं मला कळायचं. तिच्या ताटातलं सगळं ठाऊक होतं, मनातलं काही नाही.

बापाच्या अंत्यसंस्कारानंतर ती घरी आली नव्हती. सप्टेंबरात मात्र तिने आपणहून फोन केला.

"आई, त्या घरात पाऊल टाकलं की बाबांच्या वस्तू अंगावर येतात. तू थोडं मोकळं कर ना. मग मी थँक्सगिव्हिंगला येते. नक्की येते."

ती येणार म्हटल्यावर मी भिंतीसुद्धा देऊन टाकल्या असत्या. हे मी तेव्हा मनाशी गमतीने म्हणाले होते.

तिनेच तिकडे बसून मला गावाच्या देवाणघेवाणीच्या फोनवरच्या गटात घातलं. ती स्वतः शाळेपासून त्यात होती. गटाची रीत सोपी आहे. नको असलेल्या वस्तूचा फोटो टाकायचा. ज्यांना हवी ते का हवी ते लिहितात, आपण त्यातला एक निवडायचा. पैसे घ्यायचे नाहीत. वस्तू पोर्चवर ठेवायची आणि लिहायचं, "पोर्चवर ठेवलंय, घेऊन जा." नेणारा मग आपल्या घरात ती कशी शोभतेय त्याचा फोटो टाकून आभार मानतो. आणखी एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही आणि आमच्या लोकांना सांगावाही लागत नाही. कुणी वस्तू न्यायला आलं की खिडकीतून बघायचं नाही. घेणाऱ्याला ओशाळं वाटतं. मी पडदा ओढून भांडी घासायला घ्यायची.

मासेमारीचे गळ गेले, बर्फावर चालायचे जाळीचे जोडे गेले, ड्वेनचं हत्यारांचं खोकं गेलं. प्रत्येक फोटोखाली बदामांची रांग लागायची. किती मोठं मन तुझं, मार्लिस! गावात भेटल्यावर मान हलवून पुढे जाणारी माणसं तिथे असं लिहायची. मला ते आवडायचं, अगदी तहानलेल्यासारखं आवडायचं.

२

ड्वेनची आरामखुर्ची द्यायला मी ऑक्टोबर उजाडू दिला. बऱ्याच जणांनी मागितली. कुणाची पाठ दुखत होती, कुणाच्या कुत्र्याने जुनी खुर्ची फाडली होती. व्हर्ना नावाच्या बाईने फक्त एवढंच लिहिलं होतं: "माझ्याकडे कुणी येत नाही. बसायला जागा असली तर येईल."

तिच्या नावाशेजारी चेहऱ्याऐवजी ओढलेल्या पडद्याचा फोटो होता. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका चुकून छताचाही फोटो लावतात, त्यात नवल काही नव्हतं. मी तिलाच निवडलं.

खुर्ची बाहेर काढायला शेजारचा गॉर्डी पेल्टो आला. गॉर्डी हिवाळ्यात सगळ्या गल्लीचा बर्फ काढतो आणि बाराही महिने सगळ्या गल्लीचं डोकं खातो.

"हे धूड न्यायला कोण येणार आहे?" तो पाठ धरून म्हणाला. "हत्ती बांधून येणारेत का?"

मी त्याला कॉफी पाजून घालवला, गटावर लिहिलं, पडदा ओढला आणि नळ सोडला. माझ्या पोर्चची एक फळी पोस्टमनच्या पायाखालीसुद्धा कुरकुरते. त्या दिवशी ती कुरकुरली नाही. गाडी थांबल्याचा, दार उघडल्याचा, दोन माणसं कण्हतात त्याचा, कसलाच आवाज आला नाही. ताट पुसून बाहेर डोकावले तर पोर्च रिकामा होता. नळ चालू होता, म्हणून ऐकू आलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

मग आभाराचा फोटो आला. खोली रिकामी होती, कोपऱ्यात खुर्ची, आणि ती खिडकीकडे थोडी तिरकी वळवलेली. ड्वेन अगदी तशीच ठेवायचा. खुर्ची खिडकीकडे नाही वळवायची तर काय भिंतीकडे वळवायची, असं मनाशी म्हणत मी फोटो मोठा केला. मागच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती.

आमची जमीन त्या कोपऱ्यात उतरती आहे, म्हणून ड्वेनने घडी सारली होती. मी उठून आत गेले. आमचा पुठ्ठा जमिनीवर तसाच पडला होता, खुर्चीच्या पायाचा गोल ठसा घेऊन. म्हणजे तिने स्वतःचा घातला होता. जुन्या घरांच्या जमिनी उतरत्याच असतात. मी बदाम दिला आणि फोन पालथा ठेवला.

३

मग व्हर्ना स्वतः मागू लागली. कुणाकडे साखळी ओढून लावायचा उभा दिवा आहे का? कुणाकडे चिंध्यांचं विणलेलं जाजम आहे का, शक्यतो निळं? कुणाकडे शिट्टी न वाजणारी किटली आहे का?

माझ्याकडे दिवा होता. जाजम निळं होतं. किटलीची शिट्टी ब्रिटाने लहानपणी काढून हरवली होती.

पण नीट विचार केला तर ह्या प्रांतात प्रत्येकाच्या मावशीने एक निळं जाजम विणलेलं आहे. आणि मोडक्या किटल्यांचा काय तोटा? मी एकेक देत गेले. एकेक फोटो येत गेला, आणि त्यातली खोली भरत गेली. दिवा खुर्चीच्या उजवीकडे होता आणि जाजमाचा उसवलेला कोपरा खुर्चीखाली लपवलेला. खिडकीच्या चौकटीवर गिलाव्याला एक चीर होती, वर जाऊन दुभंगलेली. मी फोन हातात घेऊन माझ्या खिडकीसमोर उभी राहिले आणि वर बघितलं. मग बराच वेळ खाली बघत राहिले.

गॉर्डीला फोटो दाखवला तर तो हसला. म्हणाला, ही सगळी घरं एकाच कंत्राटदाराने बांधली, आणि त्या भामट्याने सगळीकडे सारखाच कच्चा चुना वापरला. "तुझ्या घरात मी डोळे मिटून मोरी गाठीन, मार्लिस. माझ्या खिडकीवर पण चीर आहे. ये, बघ." मी गेले नाही. चीर होतीच असं धरून चालले, तेच सोयीचं होतं.

त्याच आठवड्यात व्हर्नाच्या फोटोखाली ब्रिटाचं नाव दिसलं.

"आई, घर किती छान दिसायला लागलं! आता खरंच यावंसं वाटतंय."

पोरीने घाईत नाव वाचलंच नव्हतं. दिवा बघितला, जाजम बघितलं आणि आपलंच घर समजली. मी लिहायला घेतलं, "अगं वेडे, हे आपलं घर नाही." लिहिलं, पण पाठवलं नाही. किती दिवसांनी ती स्वतःहून काही बोलली होती! खुलासा केला असता तर ती "ओह" म्हणाली असती, एक हसरा चेहरा टाकला असता आणि पुन्हा गप्प झाली असती. शिवाय चारचौघांत कुणाची चूक काढणं आमच्यात बसत नाही. आपण गप्प राहतो, मग सगळं आपोआप निवळतं.

मी लिहिलेलं पुसलं आणि तिच्या वाक्याला बदाम दिला. बस, एवढंच केलं.

४

त्यानंतर ब्रिटा तिथेच बोलू लागली, व्हर्नाच्या फोटोंखाली. मला आई म्हणायची आणि तिला लिहायची. आधी एखादं वाक्य, मग लांबलचक. तिला झोप लागत नव्हती. ज्याच्याबरोबर ती राहत होती तो उन्हाळ्यातच निघून गेला होता. अंत्यसंस्काराच्या वेळी तिला रडू आलं नाही, याची तिला अजून लाज वाटत होती. यातलं एक अक्षर तिने मला सांगितलेलं नव्हतं. मी ते अधाशासारखी वाचायची.

व्हर्ना थोडकंच उत्तर द्यायची. "कळतंय गं." "तू वाईट नाहीस." "ये. वाट बघतेय." मला सांगितलं असतं तर मीही हेच लिहिलं असतं, याच शब्दांत.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वस्तू गेली की फोटो येतो, आणि फोटो आला की ब्रिटा बोलते. मग मी ड्वेनच्या वस्तूंवर थांबले नाही. जेवायचं टेबल दिलं. पडदे दिले. माझा लोकरीचा हिरवा अंगरखा दिला, जो ब्रिटाने पहिल्या पगारातून आणला होता. व्हर्नाने मागितला होता. "थोडा वापरलेला चालेल," असं लिहिलं होतं तिने, "अंगाचा वास असला तरी हरकत नाही." मी तो पोर्चवर ठेवला, आणि आता ओढायला पडदाही नव्हता म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

रिकाम्या घराला कान फुटतात. मी स्वयंपाकघरात चमचा ठेवला की त्याचा आवाज आधी पुढच्या खोलीत जाऊन मग माझ्याकडे यायचा. शीतकपाट गुरगुरायचं थांबलं की मला माझाच श्वास ऐकू यायचा, आणि तो माझ्या जरा मागे, मी आत्ताच सोडून आलेल्या जागी असल्यासारखा वाटायचा. हे सगळं एकटेपणाचं आहे, एकटी बाई भिंतींशी बोलायला लागली की भिंती उत्तर देतात, असं मी स्वतःला समजावलं.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मला राहवेना. मी ब्रिटाला फोन लावला.

"आई?" ती म्हणाली. "आत्ताच तर ठेवला ना आपण फोन. काही सांगायचं राहिलं का?"

मी जमिनीवर बसले होते. जमीन गार होती.

"काय बोललो गं आपण?" मी विचारलं.

"असं काय करतेस? बरी आहेस ना?" ती हसली, अगदी मोकळं. तिचं ते हसू मी विसरलेच होते. "किती वेळ ऐकून घेतलंस माझं. मध्ये एकदाही बोलली नाहीस. इतकं तू पूर्वी कधी ऐकलं नव्हतंस, आई."

"ब्रिटा, ती मी नव्हते."

ती म्हणाली, "तुझा आवाज तुटतोय. खूप लांबून आल्यासारखा येतोय. जाऊ दे, गुरुवारी भेटतोच आहोत."

मी गाडी काढली आणि भर दुपारी सगळं गाव पालथं घातलं. प्रत्येक खिडकीत माझा दिवा शोधला. लोकांच्या खिडक्यांत टक लावून बघत हळूहळू गाडी चालवणारी म्हातारी. मलाच माझी लाज वाटली. दिवा कुठेच नव्हता. परत आले तेव्हा गॉर्डी गल्लीतला बर्फ ओढत होता. माझ्या घरापर्यंत त्याने रस्ता साफ केला होता आणि माझ्या दारासमोरचा बर्फ तसाच सोडून पुढच्या घराचा काढायला घेतला होता. मी उतरले तसं त्याने टोपीला हात लावला. अनोळखी माणसाला बघून तो तसा लावतो.

"मार्लिसकडे आला होतात का?" तो म्हणाला. "ती नव्या जागेत गेली. फोटो नाही बघितले? मजेत आहे हो. मुलगी यायची आहे तिची."

"गॉर्डी, अरे मी आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग ओठांवर हसू आलं, पण डोळे अजून शोधत होते.

"हां, तूच की. ऊन डोळ्यांवर आलं गं."

आभाळ सकाळपासून शिशासारखं भरलेलं होतं. मी "गारठा वाढलाय" म्हणाले. तोही "हो, वाढलाय" म्हणाला. आम्ही दोघं चांगल्या घरचे लोक.

५

गुरुवारी मी टर्की भाजली, लहानशी, दोघींपुरती. लेफ्से, म्हणजे आमच्याकडच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटल्या. टेबल नव्हतं म्हणून खोकं उपडं करून त्यावर चादर अंथरली आणि दोन ताटं मांडली. ती आली की हसेल, मग विचारेल, मग मी सगळं सांगेन, आणि खुलासा होईल. समोरासमोर माणूस चुकत नाही. माझी सगळी भिस्त त्यावर होती.

सकाळपासून तिचे फोटो येत होते. विमानाचा पंख. डुलूथच्या विमानतळावर भाड्याने घेतलेली गाडी. हायवेवरून आमच्या गावाकडे वळतो तिथला पेट्रोलपंप. मग आमची गल्ली आणि गॉर्डीचा ट्रक. मी प्रत्येकाला बदाम देत होते. मग तिने लिहिलं, "पोहोचले!"

मी दार उघडलं. पोर्चची फळी माझ्या पायाखाली कुरकुरली. गल्लीत गॉर्डीचा ट्रक उभा होता, तिने फोटो काढला होता तसाच, अगदी त्याच जागी. गाडी नव्हती. माझ्या दारासमोरच्या बर्फावर चाकाची खूण नव्हती. मी "ब्रिटा" अशी हाक मारली. जोरात नाही मारली. शेजारीपाजारी जेवायला बसले होते.

मी उभीच राहिले. आत टर्की निवत होती. माझी पोर एवढ्या लांबून आली होती आणि मला ती सापडत नव्हती. शेवटी बोटं बधिर झाली तेव्हा आत आले, दार नुसतं लोटलं आणि पुढच्या खोलीत, पडदे नसलेल्या खिडकीसमोर उभी राहिले.

तेव्हा फोटो आला.

टेबल होतं, माझं. त्यावर भली मोठी टर्की. दिव्याची साखळी ओढलेली, निळं जाजम, खिडकीकडे तिरकी वळवलेली खुर्ची. ब्रिटा हात लांब करून फोटो घेत होती. रडून डोळे सुजले होते आणि ती हसत होती. किती बारीक झाली होती! तिच्या मागे हिरव्या अंगरख्यातली एक बाई टर्कीवर वाकलेली होती. तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि मान. मानेवरचे केस मी स्वतः कापते तसे, एका बाजूला जरा वर गेलेले.

मी ते बोटांनी मोठं केलं नाही. मी खिडकीकडे बघितलं, फोटोतल्या खिडकीकडे. तिच्याबाहेर बर्फ असायला हवा होता. बाहेर एक खोली होती. रिकामी होती, नुसत्या भिंती. जमिनीवर चादर घातलेलं खोकं आणि दोन ताटं. खोकं ओळखीचं वाटायच्या आतच मला तिथे काचेशी कुणीतरी उभं दिसलं, मान खाली घालून, हातात काही उजळ धरलेलं.

मी मान वर केली. माझ्या खिडकीबाहेर बर्फ होता, गल्ली होती, भरलेलं आभाळ होतं. काचेला हात लावला. ती आतून कोमट होती, पलीकडे कुणाचा तरी स्वयंपाक चालू असावा तशी.

फोटोखाली बदामांची रांग लागली होती. सगळं गाव आलं होतं. गॉर्डीनेही लिहिलं होतं, "मार्लिस, आज खुलून दिसतेस." मला ओरडावंसं वाटलं. मी खरोखर ओरडलेही बहुतेक, कारण खोली बराच वेळ वाजत राहिली. मग मी जमिनीवर बसले आणि लिहायला घेतलं. ब्रिटा, ही मी नाही. ब्रिटा, तिथून बाहेर पड. लिहिलं आणि पुन्हा तिचा चेहरा बघितला. बाप गेल्यावर जे रडू तिला आलं नव्हतं ते आलं होतं. कुणीतरी तिचं ऐकून घेतलं होतं. ते मोडून मी तिला काय देणार होते? एक खोकं आणि निवलेली टर्की.

मी सगळं पुसलं. मग लिहिलं, "तुझ्या डोळ्यांखाली काळं झालंय गं. आज तरी पोटभर जेव, आणि लवकर झोप."

लगेच उत्तर आलं.

"थँक्यू! माझी आईपण आत्ता अगदी हेच म्हणाली."

आणि पुढे बदाम होता, लाल, मला दिलेला. किती महिन्यांनी तिने मला काहीतरी दिलं होतं. मी फोन छातीशी धरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.